तिसऱ्यांची वाट

भाविकहो, फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर केर्लान नावाचे लहानसे गाव होते. समोर समुद्रात एक खडक, आणि खडकावर देवदूताचे देऊळ. ओहोटी लागली की मधली दोन कोस रेती उघडी पडे, आणि दूरदूरचे यात्रेकरू ती तुडवत दर्शनाला जात. पण भरती तिथे घोड्याच्या वेगाने येते, आणि रेती तर त्याहून फसवी. वरून टणक दिसते, आणि बघता बघता माणसाला कमरेपर्यंत गिळते! म्हणूनच संत रिवाल महाराज गावाच्या टोकाला झोपडी बांधून राहिले होते. यात्रेकरूंना पार पोहोचवायचे आणि धुके आले की घंटा वाजवायची, हीच त्यांची तपश्चर्या.

महाराजांचे पाय थकले, तेव्हा त्यांनी वाट दाखवण्याचे काम ओदेतला दिले. ओदेत ही रेतीतल्या तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या लहान शिंपल्या, वेचून पोट भरणारी विधवा. सर्वांनी अनवाणी, एका दोराला धरून तिच्यामागे चालायचे, असा नियम होता.

एकदा सरदार गोतिए आपल्या वृद्ध आईला घेऊन आला. नवस आईचा होता. पोराचा फक्त तोरा.

ओदेत म्हणाली, "सरदार, जोडे काढा नि घोडा इथंच बांधा. जिथं तिसऱ्या जित्या, तिथली रेती माणसाला पेलते. ते अनवाणी पायालाच कळतं."

सरदार खो खो हसला. "शिंपल्या वेचणारी मला रस्ता दाखवणार? महाराज, तुमच्याकडची माणसं संपली वाटतं!"

महाराज शांतपणे म्हणाले, "माणसं पुष्कळ आहेत, बाबा. हिच्याइतकं जपून चालणारं कुणी नाही."

पण ऐकतो कोण? आईला घोड्यावर पुढ्यात घेऊन तो सरळ निघून गेला. महाराजांचा चेहरा उतरला. "ओदेत, त्या माउलीकडे लक्ष ठेव," एवढेच ते म्हणाले.

अर्ध्या वाटेत धुके उतरले. महाराजांची घंटा चहूकडून वाजल्यासारखी वाटू लागली. ओदेतने दोराला धरून मागे येणाऱ्या बाकीच्या यात्रेकरूंना कसेबसे खडकावर पोहोचवले, तोच धुक्यातून म्हातारीची किंकाळी आली. पाठोपाठ भरतीची घरघर.

"देवा, मला नाही जायचं!" ती मोठ्याने म्हणाली. आणि दोर खांद्यावर टाकून गेली.

घोडा पोटापर्यंत रुतला होता. सरदार मांड्यांपर्यंत. आई खोगिराला चिकटून प्रार्थना पुटपुटत होती. ओदेतने रेतीत हात खुपसून सरदाराच्या जोड्यांचे पट्टे कापले आणि त्याला दोराने ओढून काढले. सरदाराने आईला उतरवून घेतले, आणि पाठीवरचा भार उतरताच घोडाही धडपडत सुटला नि धुक्यात नाहीसा झाला. पण आता जायचे कुठे? पाणी गुडघ्याला लागले होते. थंडीने ओदेतचे पाय बधिर झाले, त्यांना काहीच कळेना.

"महाराज, वाट हरवली!" तिने टाहो फोडला.

किनाऱ्यावर महाराजांनी घंटा सोडली आणि वाळूवर डोके टेकले. "देवा, तिला मीच पाठवलं रे!"

आणि काय आश्चर्य! एरवी रेतीत मुकाट दडून राहणाऱ्या तिसऱ्या त्या दिवशी पाण्यावर आल्या आणि शिंपा उघडमीट करत वाजू लागल्या. टक्, टक्, टक्! धुक्यातून एक सरळ ओळ वाजत गेली. ओदेत त्या आवाजामागे निघाली. मागे आईला पाठीवर घेतलेला, दोर घट्ट धरलेला सरदार. पाणी छातीला लागले, पण पायाखालची रेती ढळली नाही.

किनाऱ्याला लागताच सरदाराने महाराजांचे पाय धरले. "महाराज, आम्ही वाचणार हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"नव्हतं रे," महाराज म्हणाले. "मी फार घाबरलो होतो. हीसुद्धा घाबरली होती, विचार तिला. तरी ती आली. पाया पडायचं तर तिच्या पड."

सरदार वळला आणि त्याने ओदेतच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोके ठेवले. ती बिचारी ओशाळून मागे सरली. "उठा हो सरदार! आधी आईसाहेबांना शेकोटीपाशी न्या, गारठल्यात त्या."

"राहू दे ग, पोरी," म्हातारी कुडकुडत म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा वाकलाय. मला डोळे भरून बघू दे."