नारळ डोक्यावर घ्या, सरदार!

करंजगडचे राजे आबासाहेब पुरते बुचकळ्यात पडले होते. खंडेनवमीच्या पूजेत नवं पिस्तूल मांडायचं होतं, आणि समोर तीन कारखान्यांची तीन! तिन्हींची घडण एकच, जुनी नावाजलेली. किमती मात्र वेगळ्या. राजे एक उचलत, दुसरं ठेवत, पुन्हा पहिलंच उचलत.

तिन्ही उडवून, पारखून आणणारे सरदार रणनवरे मिशीला पीळ देत म्हणाले, "चांदीच्या मुठीचंच घ्या, सरकार! सर्वांत महाग आहे. बाकीची भंगार!"

राजे आणखीच गोंधळले. त्यांनी केविलवाण्या नजरेने थोरल्या बहिणीकडे पाहिलं.

आक्कासाहेबांनी पूजेतला नारळ उचलला. "नव्या हत्याराने आधी नारळ फोडायचा आपला रिवाज. सरदार, हा डोक्यावर घेऊन त्या पिंपळाखाली उभे राहा. आबासाहेब नेम धरतील. बोला, त्यांच्या हाती कोणतं देऊ?"

मिशीचा पीळ सुटला. सरदारांचं बोट चांदीची मूठ ओलांडून साध्या लाकडी मुठीच्या पिस्तुलाकडे वळलं. "ते... ते द्या."

"आबासाहेब, तेच पूजेत मांडा," आक्कासाहेब म्हणाल्या. "आणि चांदीचं सरदारांना देऊन टाका. तेही नुसतं मिरवण्यापुरतंच आहे."