गप्प राहिलेल्या बाईचा फोन

एकदा एक तरुण एकच प्रश्न घेऊन परक्या शहरात दारोदार फिरत होता. ‘माझी बहीण फोन कानाला लावून गप्प का बसली?’

त्याचे नाव हिरामण. बहीण कौतिक लग्नानंतर नवऱ्याबरोबर या शहरात इमारतींच्या कामावर आली होती. परमुलखातून येणाऱ्यांसाठी तिथे एका संस्थेने फोनवर एक सोय केली होती. क्रमांक लावला, की यंत्र त्यांच्याच बोलीत बोलू लागे. दवाखाना कुठे, शिधा कुठे, लेकरांची शाळा कुठे, सारे सांगे. तातडीची वेळ असली, तर गाडीही धाडी. वाचता येण्याची गरज नव्हती.

कौतिकला दिवस गेले होते. एका दुपारी नवरा लांबच्या कामावर असताना खोलीत एकटीलाच अवेळी कळा सुरू झाल्या. तिने क्रमांक लावला. यंत्र बोलले, ती बोलली नाही. तिने पुन्हा लावला, पुन्हा गप्प राहिली. नवरा परतला तोवर ती गेली होती. दोन्ही वेळा फोनवर कुणी बोललेच नाही, एवढेच संस्थेने घरच्यांना कळवले.

हिरामणने मेहुण्याला विचारले. तो नुसता रडला. मुकादम म्हणाला, “नशीब, दुसरं काय.” दवाखान्यात म्हणाले, “आमच्यापर्यंत काही आलंच नाही.” अखेर तो पहार घेऊन त्या संस्थेच्या दारात उभा राहिला.

“कुठंय ते यंत्र? दाखवा, फोडतोच!”

ओसरीवर संस्थेचे वृद्ध गुरुजी बसले होते. शेजारी त्यांचा शिष्य होता; यंत्राला बोलायला शिकवले होते ते त्यानेच. शिष्य दचकून उठला. गुरुजींनी हिरामणला पाणी दिले आणि त्याचे सगळे बोलणे ऐकून घेतले.

शिष्य हळू आवाजात म्हणाला, “दादा, मी पुन्हा पुन्हा तपासलं. यंत्र चालू होतं. सुरू करण्याआधी वस्तीवरच्या बायकांना दाखवलंही होतं. सगळ्या चांगलं आहे म्हणाल्या.”

“मग माझी ताई का नाही बोलली?”

गुरुजी म्हणाले, “उद्या आठवडी बाजाराची सुटी आहे. काही बायकांना इथं बोलावतो. त्यांची लेकरं तू सांभाळ.”

“मी काय विचारतोय आणि तुम्ही मला झोळी हलवायला सांगता?”

“हो. आणि कुणाला काही विचारायचं नाही.”

हिरामण पाय आपटत निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी आला. का आला, ते त्यालाही सांगता आले नसते.

खोलीत बायका जमल्या. मध्ये एक फोन ठेवला होता. “यातून हवं ते मागून बघा,” एवढेच सांगून गुरुजी शिष्याला घेऊन ओसरीवर गेले आणि दार लोटून घेतले. कोपऱ्यात खिडकीच्या गजाला झोळी बांधलेली, हिरामणच्या मांडीवर एक रडके पोर.

“हा कोण गं बाप्या?”

“पोरं राखायला ठेवलाय.”

“आमच्या घरच्यालाही शिकव रे भाऊ!” रखमी नावाची बाई म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. मग त्या त्याला विसरून गेल्या.

रखमीने फोन उचलला. यंत्राने विचारले, “घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव सांगा.” रखमीने पदर सावरला आणि फोन शेजारणीच्या तोंडापुढे धरला. “तू सांग गं.” शेजारणीने नाव सांगितले. यंत्र पुढे सरकले. मग शेजारणीची पाळी आली, तेव्हा तिच्या नवऱ्याचे नाव रखमीने घेतले. फोन असाच खोलीभर फिरला. एकीनेही आपल्या नवऱ्याचे नाव आपल्या तोंडून घेतले नाही. घेतले तर त्याचे आयुष्य तुटते, हे त्यांच्या मुलखात मुलींना लहानपणीच सांगतात. हिरामणची आईसुद्धा त्याच्या बापाला ‘हिऱ्याचा बा’ म्हणूनच हाक मारी. त्यात विचार करण्यासारखे काही आहे, असे त्याला आजवर वाटले नव्हते.

झोळीची दोरी त्याच्या हातात थांबली. गुरुजींचे सांगणे विसरून तो बोलून गेला, “आणि शेजारीण नसली तर?”

बायका त्याच्याकडे बघू लागल्या. रखमी म्हणाली, “नसली तर थांबायचं. कुणी येईपर्यंत.”

हिरामण पोर तिच्या ओटीत देऊन ओसरीवर आला आणि गुरुजींच्या पायाशी बसून त्याने आत पाहिलेले सारे सांगितले. “ताई दाजींना जपत बसली होती, गुरुजी,” तो म्हणाला. मग एकदम उसळला, “कसली ही खुळी रीत!”

“असेल खुळी. तिच्याशी आपण भांडू,” गुरुजी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. “पण जिला आज कळा आल्या, तिला आज वाट हवी. तू विचारलं असतंस, तर त्यांनी तुला बरं वाटेल ते सांगितलं असतं. विचारणाऱ्यापुढं माणूस सांभाळून बोलतो. लेकरू राखणाऱ्यापुढं तो जसा आहे तसाच वागतो.” मग ते शिष्याकडे वळले. “आपण नवख्या बायकांसाठी घर बांधलं, आणि उंबरा किती उंच हवा ते त्यांना विचारलं नाही. बांधून झाल्यावर घर दाखवलं, तर पाहुणा छानच म्हणतो. आता यंत्रानं काय विचारायचं ते या बायका ठरवतील. तू त्यांचं ऐकून यंत्राला शिकव.”

शिष्य उठून आत गेला आणि बायकांच्या मागे जमिनीवर बसला.

त्यानंतर दर सुटीला बायका येऊ लागल्या. भांडून भांडून त्यांनी पहिला प्रश्न ठरवला: “बाई, तुला काय होतंय?” तो विचारायला आवाज रखमीने दिला. मग शिष्य म्हणाला, “पण मावशी, कुणी बोललंच नाही, तर यंत्राला फोन बंद करावाच लागतो.”

“बोलत नाही म्हणजेच तिचं काहीतरी बिनसलंय,” रखमी कडाडली. “अन् तुम्ही बंद करता?”

मग ठरले, की गप्प फोन तोडायचा नाही. तो कुठून आला ते यंत्राला कळतेच. त्याने जवळच्या बाईला निरोप द्यायचा आणि तिने धावायचे. ते जमते का, हे पाहायला कुणीतरी फोन लावून गप्प राहायला हवे होते. बायकांनी करून पाहिले. प्रत्येकीला हसू फुटे.

हिरामण त्याच दिवशी गावी परतणार होता. तो म्हणाला, “द्या इकडे.”

वस्तीच्या टोकाच्या रिकाम्या खोलीत जाऊन त्याने दार ओढून घेतले आणि क्रमांक लावला.

“बाई, तुला काय होतंय?”

तो बोलला नाही.

“एकटी आहेस का? भिऊ नको. फोन ठेवू नको. आमच्यातली एक निघालीय.”

त्याच्या ओठांवर ‘ताई’ आले. जन्मात जीभ आवरली नव्हती. आज त्याने ओठ दातांखाली धरले, कारण एक शब्द निघाला असता तर गप्प फोनवर मदत येते की नाही, ते बायकांना कळले नसते. बाहेर धावत येणाऱ्या चपला वाजल्या. दार उघडले. धापा टाकत आलेल्या बाईचा हात खांद्यावर पडेपर्यंत तो फोन कानाला लावून गप्प बसून राहिला.