लांबलेली थरथर

कड्याखालच्या त्या राज्यात मध संपत आला होता आणि नाचणाऱ्या माश्या मात्र वाढल्या होत्या.

पूर्वी जिला फुलं सापडत ती पोळ्यावर येऊन नाचे आणि तिची दिशा बघून बाकीच्या उडत. नाचाच्या मधोमध ती जितका वेळ थरथरे, तितकी फुलं दूर. पुढे नाचणाऱ्या इतक्या झाल्या की कुणाकडे बघावं तेच कळेना. मग वरच्या दालनात स्पर्धा सुरू झाली. जी जिंकेल तिच्या नाचामागे सगळं पोळं उडणार, असा नियम ठरला. परीक्षक जुन्या, मानाच्या माश्या होत्या. पंख झिजल्यामुळे त्या दालनाबाहेर पडत नसत.

रुणी नावाच्या माशीला डोंगरापलीकडच्या दरीत कारवी दिसली. कित्येक वर्षांतून एकदा फुलणारी. उतारच्या उतार जांभळे झाले होते. ती धापा टाकत परतली आणि तिने आधी धुमीला गाठलं. दोघी शेजारशेजारच्या घरांत जन्मलेल्या.

"चल, आत्ताच जाऊ," धुमी म्हणाली. "दोघी तर दोघी."

"दोघींनी आणून आणून किती आणणार? एकदा जिंकू दे मला. मग सगळं पोळं मागे येईल."

पहिल्या स्पर्धेत रुणी सुरुवातीलाच बाद झाली. थोरल्या परीक्षक बाईंनी तिला मायेने जवळ बोलावलं. "तुझ्यात काहीतरी आहे, पोरी. पण मधली थरथर फार लांबते गं. बघणारीला कंटाळा येतो."

रुणीने थरथर थोडी कमी केली. पुढच्या खेपेला ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचली, म्हणून तिने ती आणखी कमी केली. आधीच्या विजेतीने घेतली होती तशी एक गिरकीही सुरुवातीला घातली. निकालाची वाट बघताना ती दाराशी बसे. कुणाचे पंख वाजले की उठे, पुन्हा बसे. बाहेर जाणं तिने सोडूनच दिलं. घरात, वाटेत, खाताना तिचे पाय आपोआप नाच गिरवत राहत.

"रुणे, कारवी आपल्यासाठी थांबायची नाही," धुमी म्हणे.

"एवढी एकच स्पर्धा," रुणी म्हणे. दर वेळी हेच म्हणे.

आणि एके दिवशी ती जिंकली. दालन पंखांनी दणाणलं. तिला मेणाच्या आसनावर बसवण्यात आलं, कारण विजेतीने उडायचं नसतं, मान घ्यायचा असतो. सगळं पोळं एकदम उठलं, धुमीही त्यात होती. क्षणभर ऊन झाकलं गेलं. रुणी आसनावर चुळबुळत राहिली. आता जांभळं दिसलं असेल, आता उतरल्या असतील, असं स्वतःशी बोलत राहिली.

उन्हं कलताना माश्या परतल्या. एकीच्याही पायाला परागाचा कण नव्हता. दिशा बरोबर होती. पण नाच जिथे संपत होता तिथे, डोंगराच्या अलीकडे, नुसता काळा कातळ होता.

"डोंगर ओलांडायचाय, हे कुठे होतं त्यात?" धुमीने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता.

थोरल्या बाई म्हणाल्या, "नाच निर्दोष होता. फुलंच चुकीच्या जागी असतील."

रुणी आसनावरून उतरली. दमलेल्या माश्यांच्या मधोमध उभी राहून तिने गिरकी न घेता नाच धरला आणि थरथरायला लागली. थरथर लांबली. काही माश्यांनी तोंडं फिरवली, काही उठून गेल्या. कुणीतरी जांभई दिली. रुणीचे पाय भरून आले, अंग दुखायला लागलं, तरी डोंगर अजून अर्धाच चढून झाला होता. ती थरथरत राहिली.

ती थांबली तेव्हा समोर एकटी धुमी उरली होती. तिने पंख उघडले होते.