सोजरबाईंचा रविवार

प्रवरेच्या पाटाच्या अंगाला हिवरटेक नावाचे गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती देवळात शांतवनबाबा एकतीस वर्षे पाळक होते. कागदोपत्री ते रेव्हरंड शांतवन भालेराव. पण लेकराबाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्यांना बाबाच म्हणत. त्यांचे दार कधी लागलेले नसे. कोणी बारशाचे नाव विचारायला येई, कोणी भावकीतले भांडण घेऊन येई, कोणी काहीच कारण नसताना येऊन चहा पिऊन जाई. बाबा म्हणत, "देव माझ्याशी मेघगर्जनेतून कधी बोलला नाही. तो देवळाच्या दारातल्या चपलांच्या ढिगातून बोलतो." आणि दर रविवारी उपदेशाच्या आधी, आठवडाभर त्या ढिगाच्या आसपास त्यांनी जे पाहिले असेल ते सांगत. लोक शास्त्राइतक्याच आवडीने ते ऐकत.

ऐकत नसे ती एकच, त्यांची मुलगी फिबी. बाराव्या वर्षापासून ती गायनाच्या पुस्तकात कादंबरी दडवून देवळात बसे. उपासना झाली की जेवताना बाबा विचारत, "फिबी, आज काय घेतलंस?" ती म्हणे, "काही नाही. मी वाचत होते." बाबांना राग येत नसे. ते विचारत, "मग पुस्तकातलं काय घेतलंस?" ती पुढे पुण्याला प्राध्यापक झाली, केस पिकू लागले, पण सुट्टीत आली की प्रश्नही तोच आणि उत्तरही तेच. चमत्कार वगैरे तिला पटत नसत. बाबा भोळे आहेत असे तिचे मत होते आणि ते तिने लपवलेही नव्हते.

मंडळी, ही गोष्ट बाबांच्या शेवटच्या शनिवारची आहे. पण तिची सुरुवात शुक्रवारी झाली.

फिबी चार दिवसांसाठी आली होती. शनिवारी सकाळी नऊच्या एसटीने तिला परत जायचे होते. जाण्याआधी काहीतरी हातभार लावावा म्हणून शुक्रवारी दुपारी तिने प्रभुभोजनाच्या मेजावरचे पांढरे कापड धुवायला काढले. कापड लांबलचक. पिळायला दुसरे टोक बाबांनी धरले.

"हे शनिवारी धुतात," बाबा म्हणाले.

"शनिवारी मी नाही. आज धुतलं तर काय बिघडलं?"

"काही नाही," बाबा म्हणाले आणि आपल्या टोकाला असा पीळ घातला की पाणी फिबीच्या चपलांवर पडले. दोघेही हसले. कापड अंगणातल्या तारेवर वाळत पडले.

त्या अंगणाच्या पलीकडे सोजरबाई राहत. चाळीस वर्षे देवळाची घंटा त्यांच्या हातात होती. अक्षरओळख नाही, घरात घड्याळ नाही, कॅलेंडर नाही. पण गावाचा सगळा रविवार त्यांच्या दोरावर चाले. पहिली घंटा झाली की चुलीवर आंघोळीचे पाणी, दुसरी झाली की इस्त्रीचे कपडे आणि तिसरी झाली की पळत सुटायचे. देवळाच्या पंचांचे सेक्रेटरी नहेम्या उजागरे यांना मात्र ही दोराची घंटा जुनाट वाटे. त्यांनी विजेच्या घंटेची माहिती मागवली होती. "बटण दाबलं की काम झालं. या बाईंच्या भरवशावर किती दिवस राहायचं?" असे ते चारचौघांत, सोजरबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत.

शनिवारी सकाळी फिबीने पिशवी उचलली तेव्हा बाबा बनियनवर ओसरीत मेथी निवडत बसले होते. "पुढच्या खेपेला सावकाश ये," एवढेच ते म्हणाले. ती फाट्यावर पोचते न पोचते तोच घंटा सुरू झाली.

घंटा? शनिवारी? हिवरटेकमध्ये अवेळी घंटा होते ती कोणी गेले तर किंवा कुठे आग लागली तर. समोरून एसटी येताना दिसत होती. फिबीने एसटीकडे पाठ फिरवली आणि पदर खोचून गावाकडे धावली.

देवळाच्या आवारात सगळे गाव लोटले होते. कोणाच्या हाताला कणीक, कोणाच्या अर्ध्या गालावर साबण. पोरे शाळेच्या गणवेशात दप्तरासकट. आणि नहेम्याभाऊ! शनिवार हा त्यांचा केसांना कलप लावण्याचा वार. डोकीचा उजवा भाग काळाकुळकुळीत, डावा पांढराशुभ्र, खांद्यावर जुना टॉवेल, अशा अवतारात ते सर्वांत पुढे उभे होते.

"कोण गेलं? कोण गेलं?" जो तो विचारत होता.

"कुणी ग्येलं न्हाई," दोर न सोडता सोजरबाई म्हणाल्या. "उपासनेची पहिली घंटा हाय ही. पर तुमी सगळे असे पारोसे का आलात?"

"बाई, आज शनिवार आहे! शनिवार!" नहेम्याभाऊ ओरडले.

"आसं कसं? काल कापड वाळत हुतं की तारंवर. कापड वाळलं की दुसऱ्या दिशी रविवार. चाळीस वर्सं असंच हाय."

हशा उसळला. नहेम्याभाऊ तर टाळ्याच वाजवू लागले. "ऐका मंडळी! आपला रविवार तारेवर वाळत असतो! उद्या बाईंनी गोधडी धुतली तर नाताळसुद्धा करून टाकू."

"नाताळाला तरी डोकं सगळं रंगवून या, भाऊ," सोजरबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. दोर त्यांच्या हातातून सुटला.

"हसण्यावारी नेऊ नका," नहेम्याभाऊ आता कडक झाले. "उद्या उपासनेनंतर पंचांची बैठक. तोवर या दोराला हात लावायचा नाही, बाई. सांगून ठेवतो. घंटा म्हणजे पोरखेळ नाही."

गर्दीच्या कडेला फिबी धापा टाकत उभी होती. तिला सगळे समजले. चूक सोजरबाईंची नव्हती, तिची होती. एका वाक्याचे काम होते. ते वाक्य तिच्या जिभेवर आले आणि तिथेच राहिले. चाळिशीची प्राध्यापक, अर्धवट रंगवलेल्या डोक्यासमोर कबुली द्यायला लाजली.

तेवढ्यात पाळकघरातून बाबा बाहेर आले. अंगात उपासनेचा पांढरा झगा. त्या झग्याला अठरा बटणे होती आणि ती लावायला बाबांना एरवी पाव तास लागे. आत्ता तर ते मेथी निवडत होते! फिबीने पाहिले, अठराच्या अठरा बटणे लागलेली होती.

"पाळकसाहेब, तुम्ही हे काय..." नहेम्याभाऊ गडबडले.

"घंटा झाली ना? मग उपासना," बाबा म्हणाले. "सोजरबाई, दुसरी आणि तिसरी राहिली तुमची."

"दोराला हात लावू नगं म्हनलेत."

"ते उद्यापासून. आज मी सांगतो."

सोजरबाईंनी डोळे पुसले आणि दोर ओढला. लोक हाताला कणीक घेऊनच आत शिरले. असे भरलेले देऊळ ईस्टरलाही कोणी पाहिले नव्हते. एरवी न येणारेसुद्धा आत होते, कारण आगीच्या भीतीने धावत आलेल्या माणसाला देवळाच्या दारातून परत फिरणे अवघड जाते.

बाबा मेजाशी उभे राहिले. कापडावरून एकदा हात फिरवला. फिबीकडे त्यांनी मुद्दामच पाहिले नाही.

"या आठवड्यात मी तीन गोष्टी पाहिल्या," ते म्हणाले. "गायनमंडळातल्या दोघी बहिणी जागेवरून भांडल्या, महिनाभर बोलत नव्हत्या. बुधवारी एक चष्मा विसरली. दुसरीनं काही न बोलता पुस्तक मध्ये धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं. दुसरी गोष्ट, आपले दाऊदमामा. ते माझ्या उपदेशात झोपतात, तुम्ही हसता. त्यांची बायको गेल्यापासून त्यांना घरी झोप लागत नाही, हे मला परवा कळलं. माझ्या आवाजानं एका माणसाला जर विसावा मिळत असेल, तर माझ्या उपदेशाला याहून मोठं फळ नको. आणि तिसरी आज पाहिली. तुम्ही जसे होता तसे आलात. अर्धी दाढी, अर्धा रंग, अर्धी भाकरी. मंडळी, आपल्याला वाटतं, नीट आवरून देवाकडे जाऊ. पण तो काही आपल्या आवरण्याची वाट बघत बसत नाही. त्यानं बोलावलं आणि तुम्ही धावलात. मला फार बरं वाटलं."

सगळे देऊळ हसत होते आणि मधूनच कोणी नाक ओढत होते. शेवटी बाबांनी दोन्ही हात वर करून आशीर्वाद दिला. त्या दिवशी हात खाली यायला जरा वेळच लागला.

दुपारी मेथीच्या भाजीशी भाकरी मोडताना त्यांनी विचारले, "फिबी, आज काय घेतलंस?"

"एसटी चुकली, एवढंच घेतलं," ती म्हणाली. बाबा इतके हसले की ठसका लागला.

संध्याकाळी ते ओसरीत नुसतेच बसले होते. दर शनिवारी या वेळी ते कॅलेंडरच्या जुन्या पानामागे उपदेशाचे मुद्दे लिहीत. आज पानही नाही, पेन्सिलही नाही.

"उद्याचा उपदेश लिहायचा नाही?" फिबीने विचारले.

"झाला की आज," बाबा म्हणाले.

रविवारी पहाटे झोपेतच शांतवनबाबा प्रभूच्या ठायी निजले. चेहऱ्यावर कालचे हसू तसेच होते.

सकाळ झाली. आवारात पुन्हा सगळे गाव. पण घंटा नाही. सोजरबाई मनोऱ्याच्या पायरीवर बसल्या होत्या. दोर समोर लोंबत होता आणि त्यांचे हात मांडीखाली होते.

"हात लावू नगं म्हनलेत," कोणी विचारले की त्या एवढेच सांगत.

नहेम्याभाऊ आले. डोके अजून अर्धेच काळे होते. उरलेले रंगवायचे त्यांना भान नव्हते. पायरीशी येऊन ते थबकले. आमच्या मंडळीत माणसाच्या पाया पडण्याची रीत नाही. पण नहेम्याभाऊ वाकले, पुरते वाकले, दोराचे जमिनीला टेकलेले टोक दोन्ही हातांनी उचलले आणि तसेच वाकून सोजरबाईंपुढे धरले.

"बाई, मी हसलो तुम्हाला," ते म्हणाले. "काल तुम्ही रविवार आणला नसता, तर बाबांचा शेवटचा आशीर्वाद आमच्यातल्या कोणाच्या डोक्यावर पडला असता? वाजवा. विजेची घंटा या देवळात येणार नाही."

सोजरबाईंनी तीन घंटा दिल्या, दर रविवारी देत तशाच.

उपासनेत बाबांची शवपेटी मेजासमोर ठेवल्यावर पंचांनी फिबीला दोन शब्द बोलायला सांगितले. ती भाषणांना सरावलेली बाई. कागदावर चार ओळी लिहूनही आणल्या होत्या. पण मेजावरचे ते पांढरे कापड दिसले आणि कागद तिने घडी करून मुठीत धरला.

"कापड मी धुतलं होतं," ती म्हणाली. "शुक्रवारी. सोजरबाईंची चूक नव्हती. मला काल सांगता आलं असतं. बाबांना माहीत होतं, दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं. पण ते मी सांगायची वाट बघत राहिले."

"आगं लेकी," पुढच्या बाकावरून सोजरबाई म्हणाल्या, "देवानंच तुझ्या हातून धुवून घेतलंय ते. तू का रडतीस?"

दाऊदमामा आज जागे होते.

फिबी बाबांच्या पेटीजवळ गेली. ताठ मानेची म्हणून गावाला ठाऊक असलेली ती बाई गुडघे टेकून खाली बसली आणि कपाळ त्या लाकडाला लावले. मग, जेवायला बसल्यावर बोलावे तशा साध्या आवाजात, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे म्हणाली:

"बाबा, पुस्तक नुसतं उघडं असायचं. मी पान उलटत नव्हते. ऐकत होते. दर रविवारी ऐकत होते."