एकट्याची गवाही

"मग त्या फोटोत तारे का नाहीत, चाचा?"

मुल्लाचाचांनी खजुराच्या ताटलीवरची माशी हाकलली.

"कुठल्या फोटूत?"

"चंद्रावरच्या. माणूस उभा आहे, झेंडा उभा आहे, वर काळं कुळकुळीत आभाळ. आणि एकसुद्धा तारा नाही. का?"

"तूच सांग."

"कारण ते फोटो चंद्रावरचे नाहीतच. स्टुडिओतले आहेत."

चाचांनी ताटलीवर रुमाल टाकला.

रमजानचा एकोणतिसावा रोजा होता. मशिदीच्या गच्चीवर चाचा आणि तन्वीर दोघेच बसले होते आणि सूर्य डोंगराला टेकायला थोडा वेळ होता. चाँद दिसला तर उद्या ईद, नाही दिसला तर आणखी एक रोजा. पश्चिमेला मात्र अवकाळी ढग जमले होते.

या गावाची रीत जुनी आहे. शहरातून फोन येतात, मोबाइलवर निरोप येतात, ते सगळे ऐकून घेतात. पण ईद करायची ती आपल्या आभाळातला चाँद पाहून. आभाळ ढगाळ असेल तर दोन माणसांची गवाही लागते. मुल्लाचाचा दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात, जुळलं तर भोंग्यावरून पुकारा होतो. हे काम त्यांच्या वडिलांकडून त्यांच्याकडे आलं. त्यांच्यानंतर ते तन्वीर आत्तारकडे जायचं, असं सगळे धरून चालले होते. चाचांनी तसं अजून म्हटलं नव्हतं.

चाचांच्या दोन्ही डोळ्यांत दोष होता. माणूस समोर आला की आवाजावरून ओळखायचे. चाँद तर त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तरी दर महिन्याला जिना चढून वर येत.

तन्वीर हुशार होता, हे गावाला माहीत होतं आणि तन्वीरलाही माहीत होतं. काय काय खोटं आहे, याचे तो मोबाइलवर व्हिडिओ टाकायचा. आधी औषधांचे, मग नोटांचे, आता चंद्राचे. लोक पाहायचे, वाहवा करायचे.

"चंद्रावर बारा जण चालून आले म्हनत्यात," चाचा म्हणाले.

"म्हणतात."

"दगड आनले."

"दगड काय, आपल्या डोंगरावर ढिगानं आहेत."

"आरसे ठेवून आले तिथं. हितनं उजेड सोडला की परत येतो, असं रेडिओवर ऐकलंय."

"आरसा माणसाशिवायही ठेवता येतो. यंत्रानं."

"आपल्या देशाच्या यानानं वरनं फोटू काढल्यात. ते उतरले तिथलं सामान दिसतं म्हणे."

"फोटो!" तन्वीर हसला. "फोटो तर मी पण बनवतो, चाचा. पाच मिनिटांत तुम्हाला चंद्रावर बसवून दाखवू का?"

"नको बाबा. गुडघे दुखत्यात."

तन्वीरनं ढगांकडे नजर टाकली.

"त्या वेळी रशियाची आणि त्यांची शर्यत होती ना?" चाचांनी विचारलं.

"होती."

"रशियावाले कान लावून बसले असतील."

"असतील."

"मग ते का न्हाई बोलले, हे खोटं हाय म्हनून?"

"मिळालेले असतील आतून."

"असं?"

"चाचा, मी एवढंच म्हणतो. मी पाहिलेलं नाही, तर मी मानणार नाही. आणि समजा गेले. समजा! बारा माणसं गेली आणि आली. बाकीच्यांना काय मिळालं? कोट्यवधी माणसं खालीच होती ना?"

तेवढ्यात खाली अजान सुरू झाली. चाचांनी चाचपडत रुमाल उचलला आणि एक खजूर तन्वीरच्या हातावर ठेवला.

*

गेल्या वर्षीची गोष्ट इथे सांगायला हवी.

चाचा तेव्हा डोळ्यांसाठी मिरजेला होते. त्यांच्या जागी तन्वीर बसला होता. ढग असेच होते. खालच्या आळीतले दस्तगीर बागवान आपल्या जावयाला घेऊन आले आणि म्हणाले, आम्ही दोघांनी मळ्यातून चाँद पाहिला. बागवानांचा द्राक्षांचा मळा गावाच्या पश्चिम टोकाला आहे, तिथून डोंगरापर्यंत सगळं मोकळं दिसतं.

तन्वीरनं रीतीप्रमाणे वेगळं बसवून विचारायला हवं होतं. त्यानं चारचौघांत हात पुढे केला आणि म्हणाला, "फोटो दाखवा."

फोटो नव्हता.

"मग राहू द्या," तन्वीर म्हणाला.

दस्तगीर बागवान तापट माणूस. भर मशिदीत आपण खोटे ठरलो, हे त्यांनी मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी खालच्या आळीनं ईद केली. वरच्या आळीनं रोजा धरला. एका गावात दोन ईदा झाल्या. खालच्या आळीतून वर येणारा शिरखुर्मा त्या वर्षी आला नाही, आणि वर्षभर दस्तगीर मशिदीच्या पायरीवर चढले नाहीत.

चाचा परत आल्यावर त्यांना सगळं कळलं. ते तन्वीरला काही बोलले नाहीत. हे न बोलणं तन्वीरला फार जड गेलं. रागावले असते तर त्यानं वाद तरी घातला असता.

*

नमाज झाली. माणसं गच्चीवर आली. माना वर करून ढगांकडे पाहत राहिली.

"तिकडं बघा, त्या फटीत."

"कुटं काय? ढगच हाय."

"जाऊ द्या. उद्या बी रोजा."

एकेक करून लोक उतरायला लागले. कुणी जिन्यात होतं, कुणी कठड्याकडे पाठ करून गप्पा मारत होतं. तन्वीर एकटा पाण्याच्या टाकीपाशी उभा होता.

आणि ढग सरकला.

इतका बारीक चाँद त्यानं कधी पाहिला नव्हता. दर वर्षी कुणीतरी बोट दाखवायचं, मग तो बघायचा. आज बोट दाखवणारं कुणी नव्हतं. तो आधी गोंधळला, मग एकदम त्याला फार आनंद झाला. त्यानं खिशातून मोबाइल काढला, फोटो घेतला आणि मग ओरडला.

"चाँद! चाँद दिसला!"

सगळे धावत आले. तोवर फट बुजली होती.

"कुटं?"

"आत्ता होता. तिथं. डोंगरावर."

"आमाला तर काय दिसंना."

"ढग आला मध्ये. थांबा, माझ्याकडे फोटो आहे."

त्यानं फोटो उघडला. मिनारावर रमजानची रोषणाई होती, ती झगझगीत आली होती. कठडा आला होता, कडुनिंबाची फांदी आली होती. मागे आभाळ नुसतं काळं होतं. त्यानं बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला.

चाँद नव्हता.

"ह्यात तर काय न्हाई," सलीम तांबोळी म्हणाला.

"लायटिंगमुळं झालं ते. समोर एवढा उजेड असला की मागचं बारीक काही फोटोत उतरत नाही. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम जमत नाही."

"असं होतंय व्हय?" मागून चाचांचा आवाज आला.

"होतं, चाचा. कुणालाही विचा..."

तन्वीर मध्येच थांबला.

"फोटूत न्हाई म्हंजे न्हाई," सलीम म्हणाला. "तूच म्हनला हुतास गेल्या साली." दोघंतिघं हसले. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. हसत हसतच ते जिना उतरून गेले.

*

गच्चीवर पुन्हा दोघेच उरले.

"मी गवाही देतो, चाचा. अल्लाची शपथ, मी चाँद पाहिला."

"काय पाहिलास?"

"आडवा होता. वाटी ठेवल्यासारखा. आणि खाली लगेच ढगाची एक सरळ रेघ होती."

"बरं."

"मग पुकारा करू?"

"एकट्याची गवाही चालत न्हाई."

"पण मी पाहिलाय!"

"ते बारा जण हुते, तन्वीर. तू एकटाच हायस."

तन्वीर खाली बसला. एवढी खरी गोष्ट तो आयुष्यात कधी बोलला नव्हता, आणि ती ऐकून लोक हसून घरी गेले होते.

"तुम्ही तरी माझ्यावर विश्वास ठेवा."

"ठेवला की."

"मग?"

"माझ्या विश्वासावर गावाची ईद होत न्हाई. दुसरा गवाह आण."

"कुठून आणू? सगळे पाठ फिरवून होते. कुणीच पाहिला नाही."

"डोंगर कुणाच्या मळ्यातनं मोकळा दिसतो?"

तन्वीरला उत्तर माहीत होतं. ते त्याला द्यायचं नव्हतं.

"ते येणार नाहीत, चाचा."

चाचांनी खजुराची ताटली रुमालात गुंडाळली.

"आणि आले तरी मला खोटं पाडतील. वर्षभर वाटच बघतायत."

"म्हनून तर त्यांच्याकडंच जा."

"म्हणजे?"

चाचांनी काठी शोधली, उठले आणि जिन्याकडे वळले.

"तुला काय दिसलं ते त्यांना सांगू नकोस. नुसतं इचार. लोकांना पहाटंचं रोज्याचं जेवान रांधायचं का शिरखुर्मा करायचा, ते कळाय पायजे."

*

दस्तगीर बागवान मळ्याच्या बांधावर उभे होते. घड काढणीला आले होते आणि वर ढग होते, त्यामुळे ते संध्याकाळपासून तिथेच होते. तन्वीरला पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

"दस्तगीरचाचा, एक विचारायचं होतं."

"इचार."

"तुम्ही आज चाँद पाहिला?"

दस्तगीरनी एका वेलीचं पान उलटून पाहिलं, दुसरं पाहिलं.

"तू बगितलास?"

"हो."

"फोटू हाय?"

तन्वीरनं मोबाइल पुढे केला. दस्तगीरनी चष्मा लावला आणि सावकाश, फार सावकाश फोटो पाहिला.

"ह्यात चाँद न्हाई."

"नाही."

"मग कशावरनं बगितलास?"

तन्वीरनं मोबाइल खिशात ठेवला.

"मी बघितला, चाचा. एवढंच आहे माझ्याकडं."

"कुटं दिसला? कसा हुता?"

"ते सांगायचं नाही म्हणून मुल्लाचाचांनी बजावलंय."

दस्तगीर हसले. ते हसणं काही प्रेमाचं नव्हतं.

"एवढंच हुतं माझ्याकडं बी, गेल्या साली."

"माझं चुकलं."

"चुकलंच."

ते बांधावरून चालू लागले. तन्वीरला वाटलं, संपलं. मग त्याच्या ध्यानात आलं की ते गावाकडे चाललेत.

"तुम्ही येताय?"

"माझा राग तुझ्यावर हाय," दस्तगीर मागे न पाहता म्हणाले. "चाँदावर न्हाई."

*

मशिदीची पायरी दस्तगीर वर्षानं चढले. चाचांनी तन्वीरला जिन्यात थांबवलं आणि दस्तगीरना आत घेतलं. बाहेर सलीम आणि आणखी पाचसात जण येऊन उभे राहिले होते. बातमी फिरली होती. काही झालं तरी दस्तगीरशेठ आज हिशेब चुकता करणार, असं प्रत्येकाचा चेहरा सांगत होता.

दार लोटलेलं होतं, पण आवाज येत होता.

"काय बगितलंत?"

"चाँद."

"कसा हुता?"

"आडवा. वाटीगत. खाली ढगाची सरळ पट्टी. जरा दिसला आनि गेला."

"कुनी सांगितलं तुमाला असं बोलायला?"

"त्या आत्ताराच्या पोरासाठी मी खोटं बोलीन व्हय?" दस्तगीरांचा आवाज चढला.

"न्हाई," चाचा म्हणाले. "ते साऱ्या गावाला ठावं हाय."

बाहेर कुणी हसलं नाही. सलीमनं डोक्यावरची टोपी उगाच नीट केली.

थोड्याच वेळात भोंगा खरखरला आणि चाचांनी पुकारा केला. वरच्या आळीत ओरडा झाला, मग खालच्या आळीत झाला. कुणीतरी फटाका लावला. दस्तगीर पायऱ्या उतरून निघून गेले. जाताना ते तन्वीरशी बोलले नाहीत. पण पायरीच्या कडेला थांबून, "दूध हाय का घरात, का धाडू?" एवढं चाचांना विचारून गेले.

तन्वीर चाचांना हात देऊन पुन्हा गच्चीवर घेऊन आला. खाली दारादारांत दिवे लागले होते, पोरी मेंदीचे कोन घेऊन पळत होत्या, दूधवाल्याच्या दुकानापुढे ही गर्दी.

बराच वेळ तन्वीर ते पाहत राहिला.

"चाचा..."

"हं."

"मघाचं तुम्ही सांगितलंच नाही. ते बारा जण गेले. 'समजा' नाही, गेलेच. पण पाहिलं त्यांनीच. बाकीच्यांना काय मिळालं?"

चाचांनी काठी कठड्याला टेकवली. आपले दुधाळ डोळे खालच्या गलक्याकडे वळवले.

"जा," ते म्हणाले. "ज्यांनी चाँद बगितला न्हाई, त्या समद्यांना सांगून ये, उद्या तुमची ईद न्हाई म्हनून... माझ्यापासनं सुरवात कर."