पाठमोरं गाव

ही वाळूची पट्टी दिसते ना, पलीकडे काळ्या खडकांपर्यंत गेलेली, तीच वेइशा गावची समुद्रपूजेची जागा. चीनच्या या किनाऱ्यावर वसंत लागला की गावोगाव पूजा होते, आणि सगळीकडे माणसं समुद्राकडे तोंड करून हात जोडतात. आमच्याकडेही ढोल वाजतात, फटाके फुटतात, डुकराचं मुंडकं नि वाफवलेल्या पावांचे ढीग मांडले जातात. पण ऐन पूजेला सगळं गाव समुद्राकडे पाठ करून उभं राहतं. पाहुणे म्हणतात, काय हा उद्धटपणा! नुसता उद्धटपणा असता तर फार बरं झालं असतं हो. बसा, सांगते.

फार जुनी गोष्ट. इथे कुओ नावाचा सुतार होता, होड्या बांधायचा. आमच्या होड्यांना डोळे असतात. लाकडाचे, काळे-पांढरे, पुढच्या टोकाला दोन्ही अंगांनी खिळ्यांनी ठोकलेले. होडी पाण्यात उतरेपर्यंत त्यांच्यावर लाल फडकं बांधायचं, मग सोडायचं. डोळे झाकलेल्या होडीला परतीची वाट सापडत नाही, असं आमच्याकडे मानतात. कुओसारखे डोळे करणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. बायको बाळंतपणातच गेलेली, घरात एकुलती एक लेक, आ-ज्वान. अठरा वर्षांची, जाळी विणायची. नाकावर राग, पण बापाच्या पोटात घास गेल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. कुओचा सगळा जीव तिच्यात.

त्या काळी म्हणे तीन वर्षं मासा आला नाही. लोक समुद्राची शेवाळं उकडून खायचे. शेवटी गावप्रमुख तंगने सगळ्यांना देवळात बोलावलं. म्हणाला, "समुद्र उपाशी आहे. त्याला माणूस द्यावा लागणार. आंधळ्या होडीत बसवून, डोळ्यांवरचं फडकं न सोडता."

कोणाला द्यायचा? तेव्हा कुओच बोलला. स्वतःला शहाणा समजायचा ना! म्हणाला, "ज्याच्यामागे रडणारं कुणी नाही, त्याला पाठवा. म्हणजे कुणाचंच घर बुडायचं नाही."

वा! सगळ्यांनी माना डोलावल्या. गावात एक परका म्हातारा मीठ विकायला आला होता आणि तापाने पडून होता. त्याच्यामागे रडायला कोण? कुओने होडी बांधली, डोळे ठोकले, त्यांच्यावर लाल फडकं घट्ट आवळलं. म्हाताऱ्याला आत बसवलं. ढकलणाऱ्याचे हात कुणाला दिसू नयेत म्हणून गाव पाठ करून उभं राहिलं. ओहोटीबरोबर होडी गेली. पंधरा दिवसांत पिवळ्या घोळ माशांचे थवेच्या थवे आले. कुओने दोन वाडगे भरून खाल्ले, लेकीलाही वाढले. त्याला झोपसुद्धा चांगली लागली म्हणे.

पुढच्या वसंतात मासा पुन्हा गायब. पण आता गावात परका कुणी नव्हता. मग तंगने घरं मोजायला घेतली. कुणाच्या घरी सहा माणसं रडणारी, कुणाच्या आठ. विधवा होत्या, त्यांनाही दोन-दोन मुलं. मोजत मोजत तो सुताराच्या दाराशी थांबला. आ-ज्वानमागे रडायला माणूस किती? एक.

कुओने त्याचे पाय धरले. "मालक, मला न्या. मी म्हातारा झालो."

"तुला पाठवून कसं चालेल?" तंग म्हणाला. "पुढच्या वर्षी होडी कोण बांधणार?"

नियम कुओचाच होता. आता कुठल्या तोंडाने मोडणार? कुओने होडी बांधली. पण फडक्याआड त्याने डोळे उलटे ठोकले, बुबुळं मागे, गावाकडे वळवलेली. गाठ सैल मारली, पाणी लागलं की सुटेल अशी. फळीखाली पाण्याचा भोपळा नि चार पाव दडवले. लेकीच्या कानात म्हणाला, "घाबरू नकोस. ही तुला घरी आणेल." गावाने पाठ केली, ओहोटीबरोबर होडी गेली.

आणि आणलंही हो! दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला होडी सरळ वाळूवर येऊन लागली. आत आ-ज्वान बसलेली, ओठ फुटलेले, पण हसत होती. "बाबा, आले बघा!" कुओ धावला. त्याच्या आधी तंग पोचला होता. त्याने सुटलेलं फडकं बाजूला सारलं, आणि उलटे डोळे सगळ्या गावाने पाहिले.

"समुद्राला फसवलंस," तंग म्हणाला. "डोळे काढ. आता ओहोटी लागेल, ती संपायच्या आत होडी जायला हवी. नाहीतर हिच्या गळ्यात दगड बांधतो आणि इथेच बुडवतो."

कुओने गावाकडे पाहिलं. दोनशे माणसं. मागच्या वर्षी मासे खाल्लेली. एकही जण पुढे झाला नाही. दगड बांधला तर पोर आत्ताच मेली. होडीत असली तर कदाचित, कदाचित दुसऱ्या कुठल्या किनाऱ्याला लागेल. त्याने पटाशी घेतली. आपल्याच हातचे दोन्ही डोळे खरवडून काढले, नुसत्या खोबणी उरल्या.

"बाबा, हे काय करताय?" ती विचारत राहिली.

गावाने पाठ फिरवली. मग ती एकेकाला हाका मारू लागली. तंगकाका. मेइमावशी, तुमचं जाळं मी शिवलं होतं ना? कुणी वळलं नाही. ओहोटी सरत आली, पण ढकलायला कुणाचे हात उचलेनात. तंगने दगड मागवला. तेव्हा कुओने खांदा लावला आणि स्वतःच्या लेकीची होडी स्वतः लोटली. मरताना त्याने हे पुढे हाताशी घेतलेल्या शिष्याला सांगितलं, म्हणून आपल्याला ठाऊक. ती कुठल्याच किनाऱ्याला लागली नाही. त्या वर्षी मासा इतका आला की जाळी फाटली, आणि गावाने तो खाल्ला.

आजही पूजेला खोबणी कोरलेली रिकामी होडी वाळूवर ठेवतात आणि गाव पाठ करतं. वळून बघावं तर होडी गेलेली असते. कोणी लोटली, विचारायचं नाही. आणि आजही गावात पाहुणा उतरला की पाणी देण्याआधी विचारतात, घरी माणसं किती? मीही धक्क्यावर तुम्हाला विचारलं. तुम्ही सहा म्हणालात.

बरं केलंत. घ्या आता, चहा निवतोय.