न उमटलेली मोहर

फार पूर्वीची, राजेरजवाड्यांच्या काळातली ही गोष्ट. फ्रान्स देशात पांढऱ्या खडूच्या टेकड्यांचा एक मुलूख होता. टेकड्यांच्या उतारावर द्राक्षाचे मळे, आणि त्यांच्या पोटात कोरलेली थंडगार तळघरे. तिथे एक जुने घराणे फेसाळती वाइन बनवत असे. बूच उघडले की पेल्याच्या तळातून बारीक बुडबुड्यांची माळ वर चढे, आणि भाजलेल्या पावाचा, मधाचा वास दरवळे. राजवाड्यात मेजवानी असली की वाइन याच घराण्याची.

घराण्याचा एक दंडक होता. ज्या वर्षी ऊन, पाऊस आणि वारा यांचा मेळ उत्तम जमेल, त्याच वर्षीच्या बाटल्यांवर सालाची मोहर उमटायची. इतर वर्षांचा रस निरनिराळ्या सालांच्या रसात मिसळून बिनसालाची साधी वाइन बनायची. मोहरेच्या बाटल्या अंधारात वर्षानुवर्षे मुरत. पणज्याने ठेवलेली बाटली पणतू उघडी, आणि वरचे साल वाचून निर्धास्तपणे पेला भरी.

नवरा वारल्यावर या घराण्याचा कारभार ओदिल नावाच्या बाईच्या हाती आला. ती ताठ कण्याची आणि मोजके बोलणारी होती. मळ्यात ती स्वतः उभी राही, आणि प्रत्येक हंगामाचा रस स्वतः चाखून बघे.

एके वर्षी फुलोऱ्यावर गारा पडल्या. पुढे ऐन काढणीत पावसाने ठाण मांडले. घड आंबट राहिले, काही वेलीवरच सडले. नेमक्या त्याच वर्षी राजाला मुलगा झाला. गावोगावी घंटा वाजल्या, आणि राजाचा सरदार ओदिलच्या दारी आला.

"बाई, तुमचं भाग्य थोर! युवराजांच्या जन्मसालाची मोहर असलेली वाइन महाराजांना हवी आहे. युवराज वयात येतील त्या दिवशी दरबारात ती उघडायची."

ओदिलने आदराने मान लववली. "युवराजांना उदंड आयुष्य लाभो. पण या सालाला मोहर नाही."

"युवराजांचं साल वाईट म्हणता?"

"द्राक्षं वाईट म्हणते. गेल्या सालची वाइन उत्तम आहे, ती खुशाल न्या."

सरदार संतापून निघून गेला. ओदिलचा मुलगा रेमी दारात उभा राहून सगळे ऐकत होता.

"आई, त्या बाटल्या उघडायला किती वर्षं आहेत! तोवर कोण कुठे असेल कोण जाणे. एक मोहर तर मारायची होती."

"आज कोणी चाखून बघणार नाही, म्हणूनच ती मारता येत नाही," ओदिल म्हणाली. "लोक आपल्या शब्दावर बाटली घेतात, रेमी. त्यांची मुलं ती उघडतात. जे अजून समोर आलेच नाहीत त्यांना फसवणं फार सोपं असतं."

"आणि आपल्या माणसांच्या चुली?"

दुसऱ्या दिवशी ओदिलने बग्गीचे घोडे विकले. मग नदीकाठचा मळा विकला. पण एकाही कामकऱ्याला घरी पाठवले नाही.

राजवाड्याचे दार तिला बंद झाले. दुसऱ्या एका घराण्याने हवी ती मोहर आनंदाने मारून दिली आणि दरबारात मानाची जागा मिळवली. बाजारात लोक म्हणत, "बाईच्या गर्वाने घर बुडवलं." ओदिल ऐकून घेई आणि मळ्याकडे वळे.

वर्षे लोटली. युवराज वयात आला. देशोदेशीचे पाहुणे जमले आणि जन्मसालाच्या बाटल्या समारंभाने उघडल्या गेल्या. पेल्यांत बुडबुडा म्हणून उठेना. वास बुरशीचा, चव व्हिनेगरची. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. युवराजाने मान खाली घालून पेला ठेवला.

सरदार आता म्हातारा झाला होता. तो युवराजाला हळूच म्हणाला, "एका बाईने तेव्हाच नाही म्हटलं होतं."

युवराज स्वतः घोड्यावर बसून त्या टेकड्यांत आला. ओदिलचे केस पिकले होते, पण कणा तसाच ताठ होता. युवराजाच्या मनात राग होता, आणि त्याखाली दुखावलेपणही.

"माझं साल इतकं टाकाऊ होतं का?" त्याने विचारले.

ओदिलने त्याला तळघरात नेले आणि एक बिनसालाची बाटली उघडली. पेल्यात बुडबुड्यांची माळ सरसरत वर चढली. युवराजाने घोट घेतला, मग दुसरा घेतला.

"कोणत्या सालाची ही?"

"अनेक सालांची, युवराज. त्यांत आपलंही आहे. त्याचा आंबटपणा त्याला एकट्याला पेलवत नव्हता. पण जड, गोड रसांत तो मिसळला आणि त्यांना तजेला आला. आपलं साल आम्ही टाकून दिलं नाही. फक्त त्याच्याबद्दल खोटं बोललो नाही."

युवराजाने पेला संपवला. मग तो मोकळेपणाने हसला आणि म्हणाला, "माझ्या राज्याभिषेकाला हीच वाइन वाढा. आणि आई, पहिला पेला तुम्ही माझ्या शेजारी बसून घ्या."

तसेच झाले. भरल्या दरबारात ओदिल नव्या राजाच्या शेजारी बसली, आणि मागे उभ्या असलेल्या रेमीची छाती अभिमानाने भरून आली. खोटी मोहर मारणाऱ्या घराण्याकडे मात्र पुढे कोणी फिरकले नाही. दूरदूरचे व्यापारी या टेकड्यांत येऊ लागले. ते वाइन चाखायला मागत नसत. एवढेच विचारत, "यंदा ओदिलबाईंनी मोहर मारली का?"

मुलांनो आणि मोठ्यांनो, नाव पूर्वजांकडून मिळते, पण ते टिकते आपण वेळेवर दिलेल्या नकारामुळे.